सराटा अर्थात काटे गोखरू : अचूक ओळख

वाशीम जिल्ह्यात हलक्या, मुरमाड जमिनीत, धुऱ्यावर आणि खळ्याभोवती जमिनीला चिकटून पसरणारे पिवळ्या फुलांचे एक लहान रोप आपण नेहमी पाहता. हाच सराटा. राजस्थानच्या वाळवंटी भागातही तो तग धरतो. मात्र गोखरू या एकाच नावाने वेगवेगळ्या वनस्पती ओळखल्या जात असल्याने फसगत होते.

ओळखीच्या खुणा

१) खोड : एका सोटमुळापासून फांद्या चहूबाजूंनी जमिनीवर पसरतात. कोवळ्या भागावर लव असते.

२) पाने : हरभऱ्यासारखी संयुक्त; परंतु पर्णिकांच्या कडा हरभऱ्याप्रमाणे दातेरी नसून सरळ असतात. समोरासमोरच्या दोन पानांपैकी एक लहान असते. ही खूण फळापूर्वीही उपयोगी पडते.

३) फूल : पानाच्या बगलेत एकेकटे, पाच पाकळ्यांचे, साधारण १ सें.मी. रुंद.

४) फळ : वाळल्यावर पाच भागांत फुटते. प्रत्येक भागावर दोन मोठे व दोन लहान टणक काटे असतात.

फरक ओळखा

शंकेश्वर किंवा लांडगा यालाही अनेक ठिकाणी गोखरू म्हणतात. तो उभा वाढतो, पाने रुंद व खरखरीत असतात आणि लांबट फळावर आकडेदार काटे असतात. त्याची दोन पानांवरील रोपे व बी जनावरांना विषारी आहे. मोठ्या गोखरूची पाने साधी व मांसल, तर फळ चौकोनी असून त्यावर चार काटे असतात.

उपयोग व दक्षता

आयुर्वेदात सराट्याची फळे वापरतात. मूळ दशमुळांपैकी एक आहे. विक्रीसाठी गोळा करताना लांडग्याची फळे मिसळू देऊ नका. वैद्यांच्या सल्ल्याशिवाय घरी औषध करू नका.

मेंढपाळ बंधूंनी सराटा दाट असलेल्या रानात कळप सतत चारू नये. तो जास्त खाल्ल्यास मेंढ्यांच्या यकृतावर परिणाम होतो, उन्हात तोंड व कान सुजतात. अशी लक्षणे दिसताच कळप सावलीत घ्या व पशुवैद्यकास दाखवा.

शेतातील सराटा फुलोऱ्यातच खुरप्याने मुळासकट काढा. काटे धरल्यानंतर उपटलेली रोपे धुऱ्यावर टाकू नका. पोत्यात भरून जाळा. काटे बैलांच्या खुरात व टायरमध्ये रुतून दुसऱ्या शेतात पोहोचतात आणि त्यातील बी जमिनीत काही वर्षे टिकते. म्हणून काट्याची वाट न पाहता पानावरूनच सराटा ओळखा.