‘५०० विरुद्ध २८ हजार’: आकडे कोणी मोजले?

कोरेगाव भीमाच्या लढाईचा (१ जानेवारी १८१८) हा सर्वाधिक फिरणारा आकडा दोन्ही टोकांनी सैल आहे. ५०० हे ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टॉन्टनचे नुसते पायदळ. घोडदळ आणि तोफखाना धरून माणसे आठशेहून अधिक होती. २८ हजार हा पेशव्यांच्या एकूण फौजेचा इंग्रजी अंदाज. त्यातले प्रत्यक्ष गावात लढले ते अरब, गोसावी आणि मराठा पायदळाचे दोनेक हजार.

लढाईच्या अहवालात आपली हानी हजेरीपटावरून मोजतात, शत्रूची नजरेने. म्हणून कंपनीचे सुमारे २७५ ठार, जखमी वा बेपत्ता, हे भरवशाचे; पेशव्यांचे पाच-सहाशे पडले, ही कंपनीचीच अटकळ. १८२१ साली पायाभरणी झालेल्या विजयस्तंभावरची ४९ नावे पहिल्या प्रकारातली. त्याच दगडावरची गौरवाची भाषा मात्र सरकारी (पराभूताला कोण कोरायला देणार?).

शब्दांपेक्षा हालचाली कमी खोटे बोलतात. कंपनीचे जनरल स्मिथ जवळ येत असल्याच्या बातमीने पेशवे दुसरे बाजीराव दक्षिणेकडे सरकले. आणि पुण्याच्या मदतीला निघालेला स्टॉन्टन २ जानेवारीच्या रात्री उलट शिरूरकडे वळला.