परदेशप्रवास आणि व्यक्तिपरिवर्तन : पंडिता रमाबाईंच्या संदर्भात

प्रस्तावना :
पुण्याच्या शुक्रवार पेठेतील मंडई एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ‘रे मार्केट’ या नावाने उभी राहिली. नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी तिच्यावरील खर्चाला विरोध केला होता. पुढे मंडईला त्यांचेच नाव देण्यात आले. मंडई उभी राहत होती त्याच काळात पंडिता रमाबाईंच्या विलायतेतील धर्मांतराचा वाद पुण्यात गाजत होता. १८८५ साली ‘सत्सार’मधून फुले यांनी रमाबाईंची बाजू घेतली. तथापि, धर्मांतराच्या चर्चेत प्रवासाने रमाबाईंमध्ये घडवलेला दुसरा बदल दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

प्रवासापूर्वीची भूमिका :
आई-वडिलांसमवेत तीर्थयात्रा करीत वाढलेल्या रमाबाईंना भ्रमण नवे नव्हते. १८८२ साली त्यांनी पुण्यात ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या विक्रीचा पैसा प्रवासखर्चाच्या कामी आला. या ग्रंथातील उपदेश मुख्यतः एकेका स्त्रीला उद्देशून आहे : तिने शिकावे, स्वावलंबी व्हावे, आपली उन्नती आपण साधावी.

प्रवास आणि परिवर्तन :
१८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षणाचा मूळ हेतू श्रवणदोषामुळे सोडावा लागला. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु आश्रय देणाऱ्या धर्मभगिनींशीही त्या मतभेद मांडत राहिल्या. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती अभ्यासली, गावोगावी व्याख्याने दिली आणि विधवांच्या शिक्षणासाठी निधी उभा केला.

१८८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकेवरील मराठी ग्रंथात स्त्रियांच्या संघटना, शाळा व लोकसत्ताक राज्यव्यवस्था यांचे तपशीलवार विवेचन आहे. कृष्णवर्णीय व मूळ रहिवासी यांच्यावरील अन्यायही त्यांनी नजरेआड केला नाही. व्यक्तीच्या सुधारणेवरचा भर आता संघटित कार्याकडे वळलेला दिसतो.

समारोप :
आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या आजारी अवस्थेतच. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. आत्मसात केलेले ज्ञान उपयोगात आणण्याची संधी त्यांना मिळाली नाही. रमाबाईंना ती मिळाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले ‘शारदा सदन’ पुढील वर्षी पुण्यात आले. १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या, तरी कार्य थांबले नाही. केडगावच्या मुक्ती सदनाच्या रूपाने ते विस्तारले. तात्पर्य, साहस केवळ समुद्र ओलांडण्यात नव्हते. बदललेल्या विचारांनिशी त्याच शहरात परतून, तेथील अविश्वास पत्करून काम करणे हे त्याहून कठीण होते.