प्लास्टरमधले बाळ घरी कसे सांभाळाल?



दसरा सरला की अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याच्या पाड्यांवर गाठोडी बांधायला सुरुवात होते. ऊसतोडीला सुरतेकडे जायचे, मुकादमाची उचल घेतलेली असते, गाडी कोणत्या दिवशी येणार तेही ठरलेले असते. अशा वेळी घरात दोन महिन्यांचे बाळ दोन्ही पायांना प्लास्टर बांधून झोळीत निजलेले असले, तर घरच्यांपुढे मोठा पेच पडतो. प्लास्टर दर आठवड्याला बदलायचे असते आणि मुकादम काही थांबत नाही. मग ‘तीन प्लास्टर झाली, पाय बराच सरळ दिसतो, बाकीचे होळीनंतर बघू’ असे ठरते. होळीला माणसे परततात तेव्हा पाऊल पुन्हा आत वळलेले असते.

एरवी या पानावर आपण मिरचीच्या चुरडा-मुरड्याचे किंवा कापसाच्या बोंडअळीचे बोलतो. आज हा दवाखान्याचा विषय कुठून आला, असे तुम्हाला वाटेल. पण गावात फिरताना बांधावर, ओट्यावर लोक पिकाबरोबर घरचेही विचारतात. ज्याला चिखलात औत धरायचे आहे, डोक्यावर भारा घेऊन सातपुड्याची चढण चढायची आहे, त्याचे पाऊल जमिनीवर सपाट पडते की नाही, हा माझ्या मते शेतीचाच प्रश्न आहे.

आधी हा आजार काय ते सांगतो. काही बाळे जन्मतःच पाऊल आत व खाली वळलेले घेऊन येतात. टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे फिरलेला. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. हजारी साधारण एका बाळाला हे होते, मुलींपेक्षा मुलांना जास्त, आणि निम्म्या बाळांत दोन्ही पाय वळलेले असतात. बाळाला दुखत नाही, म्हणूनच घरचे निवांत राहतात. ‘चालायला लागला की होईल सरळ’ असे शेजारी सांगतात. तसे होत नाही. मूल पावलाच्या कडेवर चालायला लागते, तिथे घट्टे पडतात आणि पुढे तेच कायमचे होऊन बसते.

आणि हो, आईने ग्रहणात विळी धरली, भाजी चिरली म्हणून असे झाले, हे बोलणे आता सोडून द्यावे. ग्रहणाचा आणि पावलाचा काही संबंध नाही. बहुतेक बाळांत नक्की कारण सापडत नाही, काही घराण्यांत ते चालत येते एवढेच. बाळंतीण आधीच घाबरलेली असते. तिला दोष देत बसलेल्या घरात प्लास्टरचा वार हमखास चुकतो.

पूर्वी यावर मोठी शस्त्रक्रिया करीत. इग्नासिओ पोन्सेती नावाचे स्पेनमधले डॉक्टर अमेरिकेत आयोवा येथे काम करीत. त्यांनी पाऊल हाताने हळूहळू फिरवून त्या जागी प्लास्टरने धरून ठेवायची पद्धत बसवली. १९६३ साली त्यांनी ती छापून मांडली, पण जगभर ती चालायला पुढे तीसेक वर्षे गेली. २००९ साली ते वारले. आज आपल्याकडेही हीच पद्धत वापरतात. तान्ह्या बाळाचे पाऊल कोवळे असते, पुष्कळसा भाग अजून हाड न झालेली कूर्चाच असते, म्हणून ते वळते. दर आठवड्याला एक, अशी साधारण पाच ते सात प्लास्टर लागतात. बोटांपासून मांडीच्या मुळापर्यंत प्लास्टर असते आणि गुडघा वाकवलेला ठेवतात. बहुतेक बाळांना शेवटी टाचेमागची ताठ शीर बारीकशा छेदाने मोकळी करावी लागते. ते काम थोड्या वेळाचे असते. त्यावरचे शेवटचे प्लास्टर तीन आठवडे राहते.

प्लास्टर म्हणजे काय, हे शेतकऱ्याला दोन वाक्यांत कळेल. चोपण जमीन सुधारायला आपण जे जिप्सम टाकतो, तेच दीडशे अंशांच्या आसपास भाजले की त्यातले बरेचसे पाणी उडते आणि पांढरी भुकटी राहते. ती कापडी पट्टीला लावलेली असते. पट्टी भिजवली की भुकटी पाणी परत घेते, गरम होते आणि घट्ट बसते. म्हणून प्लास्टर बांधताना पाय कोमट लागतो, त्याने घाबरू नये. ते पाच-दहा मिनिटांत टणक लागते, पण आतून सुकायला एक-दोन दिवस घेते.

हे पहिले दोन दिवस जपायचे. ओल्या प्लास्टरला बोटे रुतवून बाळ उचलू नका. खोलगट खड्डा पडतो आणि तोच आत कातडीला टोचतो. पूर्ण तळहात खाली घालून उचला. फरशीवर किंवा खाटेच्या लाकडावर पाय टेकवू नका, खाली मऊ गोधडी हवी. चुलीजवळ नेऊन सुकवायचा मोह होतो, तोही नको. हवेवर सुकू द्या. पाय वर राहावा म्हणून पोटरीखाली घडी घातलेले दुपटे ठेवा, टाच मात्र अधांतरी राहू द्या. टाचेवर भार पडला तर तिथेच जखम होते.

दवाखान्यात जाताना बाळाला भुकेले न्या, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसते. प्लास्टर बांधताना आईने अंगावर घेतले की बाळ पीत राहते, पाय सैल सोडते आणि डॉक्टरांना पाऊल नीट धरता येते. रडून ताठलेल्या पायावर चांगले प्लास्टर बसत नाही.

घरी आल्यावर पहिली रात्र बाळ किरकिर करते. पाय अचानक जड झालेले असतात, त्याला उमजत नाही. अशा वेळी छातीशी धरावे, पाजावे, पाय हाताने तोलून फिरवावे. बहुतेक बाळे एक-दोन दिवसांत रुळतात. झोळीबाबत मात्र सांगायला हवे. आपल्या झोळीत बाळ मध्ये खोल जाते आणि जड पाय एका बाजूला लोंबतात. तळाशी जाड घडी घालून पायांना आधार द्या, आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला. पाठीला बांधून शेतात नेण्याची सवय असते, तीही या दिवसांत थोडी आवरा. तशीच वेळ आली तर पाय दाबले जाणार नाहीत असे बांधा.

अंघोळ घालायची नाही. ओल्या फडक्याने अंग पुसा, डोके वेगळे धुवा. तेलाची मालीश पोट, पाठ, हातांना खुशाल करा, पायाला नको. तेल आत उतरले की प्लास्टर सरकते. लंगोट लहान घ्या, प्लास्टरच्या वरच्या कडेच्या वरच राहील असा बांधा, आणि ओला झाला की लगेच बदला. मूत आत मुरले तर कातडी सोलते. शी लागली तर जेमतेम ओल्या फडक्याने पुसून घ्या. दुधाचे थेंब सांडले की मुंग्या येतात, त्याकडे लक्ष असू द्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. तेव्हा बाळाला पत्र्याखाली न ठेवता झाडाच्या सावलीत किंवा कुडाच्या घरात ठेवा आणि अंगावर सैल झबले पुरे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये, अंगावरचे दूधच जास्त वेळा पाजावे.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. दिवसातून चार-पाच वेळा पायाची बोटे बघा. अंगठा हलकेच दाबून सोडा. पांढरा पडून लगेच लाली परत आली तर ठीक. बोटे निळी, पांढरीफटक, थंडगार किंवा सुजलेली दिसली, बोटे आत सरकून दिसेनाशी झाली, प्लास्टरमधून घाण वास आला, डाग उमटला, ताप आला, किंवा पाजूनही बाळ गप्प होईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, वाराची वाट बघू नका. पाड्यावर घरीच प्लास्टर फोडण्याची किंवा हाडवैद्याकडून सैल करून घेण्याची वेळ आणू नये.

थोडे मोठे मूल, म्हणजे महुआच्या झाडावरून पडून किंवा बैलगाडीखाली येऊन पाय मोडलेले, त्याचे वेगळे. त्याला खाज सुटते. खराट्याची काडी, विणायची सुई, पावडर, काहीही आत घालू द्यायचे नाही. वरून टिचक्या मारा, वारा घाला, गोष्ट सांगा. चिंधीच्या बाहुलीलाही पट्टी बांधून दिली तर तीन-चार वर्षांचे पोर तिला दटावत बसते, ‘पाय हलवू नको’ म्हणून. भावंडांना शेजारी बसवून खेळू द्या. काढताना यंत्राचा आवाज मोठा येतो. त्याचे पाते करवतीसारखे गरगर फिरत नाही, नुसते थरथरते, हे पोराला आधी सांगा आणि कान झाका. डॉक्टरांनी सांगेपर्यंत त्या पायावर उभे करू नये.

पुन्हा तान्ह्या बाळाकडे येतो, कारण खरी गळती प्लास्टर संपल्यावर होते. पाय सरळ झाला की दोन बूट आणि मध्ये पट्टी असलेला ब्रेस देतात. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, नंतर झोपेच्या वेळी, तेही चार-पाच वर्षांचे होईपर्यंत. एवढे कशाला, असे आजीला वाटते, आणि तिला दिसणारा पाय खरोखरच चांगला असतो. पण ब्रेस सुटला की पाऊल आत वळायला लागते, आणि पुन्हा पहिल्या प्लास्टरपासून सुरुवात. पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडेल. त्या रात्री ब्रेस काढला तर बाळ शिकते की रडले की सुटका होते. त्याऐवजी दोन्ही गुडघे एकदम वाकवून, एकदम लांब करून खेळवा, म्हणजे दोन्ही पाय बरोबर हलवायचे त्याला कळते. आत सुती मोजे घाला. दिवा लावायच्या वेळेला ब्रेस, असा रोजचा नेम ठेवा. बांधायला बापानेही शिकावे, आई मजुरीला गेली की अडत नाही.

खर्चाचे म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. २०१३ साली तो पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी व उपचार मोफत आहेत. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, पण तेवढी वाट बघू नका. बाळंतपण झाल्यावर आशाताई घरी येते, तेव्हाच पाऊल दाखवा. प्लास्टरचा वार कोणता, एक वर्षाच्या आतल्या बाळाला न्यायला गाडी मिळेल का, हेही तिलाच विचारा. एस.टी.ने जायचे झाले तर मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे आणि पाच वर्षांच्या आतले मूल फुकट. दवाखान्यातले बोलणे मराठीत चालते. घरात भिली किंवा पावरीच कळत असेल तर समजावून सांगणारे एक माणूस सोबत न्या.

ऊसतोडीचे आता. उपचार सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना सांगा की आम्ही दिवाळीनंतर जाणार. लवकर सुरू केले, म्हणजे जन्मानंतर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, तर दोन-अडीच महिन्यांत प्लास्टरचा भाग बहुधा उरकतो. मधेच गाडी आली तर आई आणि बाळ मागे आजीकडे थांबावे, बाप पुढे जावा. एका कोयत्याचे नुकसान होते खरे, आणि ते लहान नाही. तेही जमत नसेल तर पडाव कोणत्या गावी पडणार ते सांगून पुढच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी घ्या. हा कार्यक्रम गुजरातेतही आहे. ब्रेसवर असलेले बाळ नेताना बुटाचा पुढचा नंबर कधी लागेल ते विचारून ठेवा. बोटे बुटाच्या टोकाबाहेर आली की तो लहान झाला. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून धान्याच्या डब्यात ठेवा, कारण पडावावर पहिल्या पावसाच्या सरीत भिजतात ती कागदपत्रेच.