संगणकाची निगा: वापरणाऱ्याने किती जाणावे?

घड्याळ वापरणाऱ्याने घड्याळजी व्हावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. श्रमविभागणीचे तत्त्वच तसे आहे. मग संगणकाच्या बाबतीत निराळा न्याय का?

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक वेठीस धरले. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ न्यासांपैकी किमान ८१ न्यासांना त्याची झळ पोहोचली. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द झाल्या. वस्तुतः या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेक ठिकाणी ती बसविलीच गेली नव्हती.

घड्याळ बिघडले तर तोटा मालकाचा. जाळ्यात जोडलेल्या संगणकाची हेळसांड मात्र शेजाऱ्यालाही भोवते. अर्थशास्त्र याला बाह्य परिणाम म्हणते. जेथे एकाच्या अज्ञानाची किंमत दुसरा मोजतो, तेथे ते अज्ञान खासगी बाब राहत नाही. यंत्राची अंतर्रचना तंत्रज्ञाने जाणावी; परंतु दुरुस्त्या वेळेवर बसविणे आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत यंत्राबाहेर ठेवणे, एवढे प्रत्येकास आलेच पाहिजे.

अर्थात कर्तव्य एकतर्फी नाही. विंडोज १० च्या मोफत दुरुस्त्यांची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. दुरुस्तीच मिळेनाशी झाली, तर दक्ष माणसाने बसवावे तरी काय? वापरणाऱ्याकडून शिस्त मागणाऱ्या निर्मात्याने चालत्या यंत्रांची काळजीही वाहिली पाहिजे.