केळी निघाली दुबईला, बिलाचं काय?

‘ई-इनव्हॉइस’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फायनान्सवाल्यांचा लांबलचक मेल, त्याला जोडलेली एक्सेल शीट आणि शेवटी ‘अर्जंट’ हा लाल अक्षरातला शब्द! आपण तो मेल ‘नंतर बघू’ म्हणून खाली सरकवतो. पण याच विषयावर जेऊरमध्ये रात्री जेवणं झाल्यावर तासभर चर्चा रंगते, हे सांगितलं तर?

होय, जेऊर! सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि या भागाचं नशीब पालटलं. पाण्यामागोमाग ऊस आला, मग केळी आली. आज इथली केळी थंड कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरात जाते आणि तिथून थेट आखाती देशांत. आमचे दाजी याच धंद्यात आहेत. शेतकऱ्याकडून माल घ्यायचा, पॅकहाउसमध्ये धुऊन खोक्यांत भरायचा आणि बाहेर पाठवायचा. मी पुण्यात अकाउंट्समध्ये, त्यामुळे ताईकडे गेलो की माझा क्लास ठरलेला.

या वेळी दाजींनी थेट मुद्द्याला हात घातला. ‘पाव्हणं, केळीला जीएसटीच नाही. मग हे ई-बिलाचं झंगट आमच्या मागं कशाला?’

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात मावणारं नाही.

आधी बेसिक फंडा

कॉम्प्युटरवर बिल बनवलं, पीडीएफ करून मेल केलं, म्हणजे ई-इनव्हॉइस झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ई-इनव्हॉइस म्हणजे तुमच्या बिलाची माहिती ठरलेल्या साच्यात सरकारमान्य पोर्टलवर पाठवायची. पोर्टल ती तपासतं, ६४ अक्षरी नंबर देतं आणि सही केलेला क्यूआर कोड परत पाठवतं. ज्या बिलाला हा नंबर लागू आहे, ते नंबराशिवाय कायद्याच्या नजरेत बिलच नाही.

आपल्याकडे सुरुवात झाली १ ऑक्टोबर २०२० ला, ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांपासून. मग रेघ खाली येत गेली. १००, ५०, २०, १० आणि १ ऑगस्ट २०२३ पासून थेट ५ कोटी. म्हणजे मोठ्यांचं दुखणं हळूहळू तालुक्याच्या गावात येऊन पोहोचलं!

केळी सुटली, खोकी अडकली

दाजींचं म्हणणं खरंच आहे. ताजी केळी करमुक्त, त्यामुळे तिच्या बिलाला ई-इनव्हॉइस लागत नाही. पण गंमत पुढे आहे. ५ कोटींची उलाढाल मोजताना करमुक्त माल आणि निर्यात हे दोन्ही धरतात. तेही पॅननुसार, देशभरातल्या सगळ्या शाखा मिळून आणि २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही एका वर्षात रेघ ओलांडली तरी पुरे.

आता समजा, कुणी वर्षाला सहा कोटींची केळी पाठवतो आणि शिल्लक राहिलेली पुठ्ठ्याची खोकी शेजारच्या जीएसटी नंबरवाल्या पॅकहाउसला विकतो. खोकी करपात्र आहेत. मग केळीचं बिल मोकळं, पण खोक्यांच्या वीस हजारांच्या बिलाला ई-इनव्हॉइस हवाच!

हे ऐकल्यावर दाजी दोन मिनिटं गप्प. कारण जादा खोकी तेही विकतात. ‘म्हणजे हत्ती गेला आन् शेपूट ऱ्हायलं म्हणा की!’

टॉवेलवाल्यांचं गणित वेगळं

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सोलापूर शहरात टॉवेल बनवून बाहेर पाठवणारे आहेत. टॉवेल करपात्र. म्हणजे उलाढाल ५ कोटींच्या वर असेल, तर निर्यातीचं बिलही पोर्टलवर टाकावंच लागतं. पण परदेशातल्या ग्राहकाला जीएसटी नंबर कुठून असणार? त्याची सोय आहे. नंबराच्या जागी ‘यूआरपी’ लिहायचं, राज्याचा कोड ९६ आणि पिनकोड सहा वेळा ९! रक्कम रुपयांत भरायची. डॉलरचा आकडा सोबत दाखवता येतो. कर भरून पाठवताय की हमीपत्र देऊन कर न भरता, हेही आधीच निवडायचं.

इथे घाई महागात पडते. पोर्टलवर गेलेलं बिल दुरुस्त करता येत नाही. २४ तासांच्या आत अख्खं रद्द करता येतं, पण तो बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. त्यानंतर क्रेडिट किंवा डेबिट नोटचा रस्ता असतो.

पलीकडच्या किनाऱ्यावर

आता खरा ट्विस्ट. माल जिथे उतरतो, ते देशही याच वाटेवर आहेत. सौदी अरेबियात ४ डिसेंबर २०२१ पासून इलेक्ट्रॉनिक बिल सक्तीचं झालं आणि २०२३ पासून कंपन्या टप्प्याटप्प्याने सरकारी यंत्रणेला जोडल्या गेल्या. बेल्जियमने १ जानेवारी २०२६ पासून देशांतर्गत धंद्यांमधल्या बिलांना ते लागू केलं. संयुक्त अरब अमिरातीच्या वेळापत्रकात पाच कोटी दिरहम आणि त्यावरच्या धंद्यांसाठी १ जानेवारी २०२७ आणि उरलेल्यांसाठी १ जुलै २०२७ अशा तारखा आहेत.

मग जेऊरच्या माणसाने दुबईच्या यंत्रणेत बिल टाकायचं का? नाही. ती जबाबदारी तिथे धंदा करणाऱ्याची. पण तुमचा दुबईचा खरेदीदार तीच केळी पुढे सुपरमार्केटला विकणार, ई-बिलावर. त्याला मालाचं नाव, वजन, कोड, किंमत सगळं नीट हवं. तो ते तुमच्याकडेच मागणार! आणि आपलं पोर्टल नि त्यांचं नेटवर्क यांच्यात आपोआप माहिती नेणारा पूल नाही. एकच विक्री दोन देशांत दोन वेगळ्या साच्यांत नोंदली जाते. त्या नोंदी जुळवणारा माणूस म्हणजे तुम्ही.

न जुळण्याची किंमत काय? टॉवेल गोदामात थांबेल. केळी १३-१४ अंशांच्या कंटेनरमध्येसुद्धा हळूहळू पिकतच असते. बिलावर एक नाव, पॅकिंग लिस्टवर दुसरं आणि कीड-रोगमुक्तीच्या दाखल्यावर तिसरं, असं झालं की बंदरावर प्रश्न सुरू होतात. पैसे आल्यावर बँकही रक्कम शिपिंग बिलाशी जुळवते. तिथे अडलं, तर शेतकऱ्याचं पेमेंट कशातून करायचं? त्याने तर माल उधारीवर तोडून दिलेला असतो. म्हणून सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं हा नंतरचा प्रश्न. आधी नावं, कोड आणि आकडे सगळीकडे एकसारखे करणं, हीच खरी तयारी.

हे आत्ताच करून टाका!

◆ उलाढाल तपासा. २०१७-१८ पासूनची प्रत्येक वर्षाची. करमुक्त माल आणि निर्यात धरूनच.

◆ एकच नाव, एकच पत्ता. ग्राहकांची यादी काढा. एकाच कंपनीची तीन स्पेलिंगं सापडतीलच! आयात-निर्यात कोड, जीएसटी आणि बँक खात्यावरची नावंही जुळवा.

◆ ओटीपी कुणाकडे? एप्रिल २०२५ पासून पोर्टलच्या लॉगिनला दुहेरी पडताळणी लागते. मालक केळीच्या बागेत आणि ओटीपी त्यांच्या फोनवर, असं होऊ देऊ नका. बिलं बनवणाऱ्याचं वेगळं सब-लॉगिन काढा.

◆ ३० दिवसांचं घड्याळ. उलाढाल १० कोटी किंवा जास्त असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर जायलाच हवं. नंतर पोर्टल घेतच नाही.

◆ खरेदीदाराला आजच विचारा. ‘तुमच्याकडे ई-बिल कधीपासून? आमच्या बिलावर काय काय हवं?’ हंगामाच्या मध्यात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

◆ महागडं पॅकेज लगेच घेऊ नका. बिलं मोजकी असतील, तर एनआयसीची मोफत सोय आधी वापरून बघा.

आपल्यापैकी बहुतेकांचं कुणी ना कुणी गावाकडे असा धंदा करतंच. त्यांच्याकडे माल आहे, हिंमत आहे, ग्राहकही आहेत. नाहीये तो हा कंटाळवाणा मेल वाचणारा माणूस. मग, या सुट्टीत लॅपटॉप सोबत नेताय ना?