विजेवरची मोटार की पेट्रोलची? : एका कारकुनाचा हिशेब

बँकेत कर्ज विभागाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला लोक व्याजाचा दर एकदाच विचारतात, सल्ला मात्र दहा वेळा विचारतात. सन २०२३ च्या दिवाळीपूर्वी आपल्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद असेच आमच्या टेबलाशी आले. त्यांना येथे आपण काका म्हणू. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत. काका नुकतेच सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते व फंडाचे पैसे हाती आले होते. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही वर्षभर बॅटरीवरची गाडी वापरताय. मी घेऊ का?" आम्ही त्या काळात आमच्या गाडीच्या चांगलेच प्रेमात होतो. "डोळे झाकून घ्या, काका," असे सांगून मोकळे झालो.

ते कोठे राहतात, गाडी कोठे उभी करणार, महिन्याला किती फिरणार, यांतला एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. कर्जाच्या अर्जावर पन्नास रकाने भरून घेणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक झाली. काकांनी गाडी घेतली आणि पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. परंतु आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरात मोटार ही पहिल्यांदाच येत आहे, व ती बहुधा कर्ज काढूनच येते. तेव्हा हा हिशेब एकदा नीट मांडावा, असे मनात आले.

प्रथम मोजमाप समजून घेऊ. पेट्रोल लिटरमध्ये मोजतात, तशी बॅटरीतील वीज युनिटमध्ये मोजतात. हे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचेच युनिट, त्यात वेगळे काही नाही. आमच्या गाडीची बॅटरी २४ युनिटांची आहे. एका भरणीत गाडी तीनशे किलोमीटरच्या वर जाईल, असे माहितीपत्रकात छापले होते. हा आकडा चाचणीच्या ठरावीक पद्धतीत मिळालेला असतो. कल्याणच्या गर्दीत, वातानुकूलन चालू ठेवून, घरची चार माणसे बसवून आम्हाला १८० ते २०० किलोमीटर मिळतात. पेट्रोलच्या गाडीचेही छापील अॅव्हरेज आणि रस्त्यावरचे अॅव्हरेज यांत अंतर असतेच, मग येथेच फसवणूक झाली असे का मानावे? फक्त पेट्रोल पंप दर पाच-दहा किलोमीटरवर असल्यामुळे तेथे ते अंतर बोचत नाही, येथे बोचते.

आणखी एक गोष्ट. भिंतीच्या प्लगमधून घेतलेली सगळी वीज बॅटरीत उतरत नाही. थोडी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हे धरून आमचा अनुभव असा की, मीटरवर नोंदलेल्या एका युनिटात गाडी साडेसहा किलोमीटरच्या आसपास चालते.

आता वीजबिल. "विजेवर गाडी रुपयात किलोमीटर चालते," हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. महाराष्ट्रातील घरगुती ग्राहकाने ते जरा सांभाळून घ्यावे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. सन २०२४-२५ मध्ये वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना सहा रुपयांच्या आत दर होता. १०१ ते ३०० या टप्प्यात तो सुमारे साडेअकरा रुपये होता, आणि ३०१ ते ५०० या टप्प्यात साडेपंधराच्याही वर. त्यावर १६ टक्के वीज शुल्क वेगळे. घरातील पंखे, फ्रीज, टीव्ही यांनी स्वस्त टप्पा आधीच खाऊन टाकलेला असतो. मोटारीच्या वाट्याला येतात ती वरची महाग युनिटे.

आमच्या घरी गाडीशिवाय महिन्याला १८० युनिटे लागत. गाडी महिन्याला ९०० किलोमीटर चालते, म्हणजे आणखी १४० युनिटे. त्यांतली १२० दुसऱ्या टप्प्यात पडतात आणि २० तिसऱ्या टप्प्यात. शुल्कासह बिलात सुमारे दोन हजारांची भर पडते. किलोमीटरला सव्वादोन रुपये झाले. पेट्रोलची त्याच आकाराची गाडी शहरात लिटरला १५ किलोमीटर देते असे धरू. सन २०२४ मध्ये आमच्या भागात पेट्रोल लिटरला १०४ रुपयांच्या आसपास होते. ९०० किलोमीटरला ६० लिटर, म्हणजे सहा हजार दोनशे चाळीस रुपये. महिन्याची बचत बेचाळीसशे, वर्षाची पन्नास हजार. ही बचत खरी आहे आणि ती आम्ही पासबुकात पाहिली आहे. ज्यांचे स्वतंत्र घर असून छपरावर सौर पॅनेल आहेत, त्यांची बचत याहून अधिक होईल.

परंतु खरेदीच्या वेळी काय? सारख्या सोयींच्या पेट्रोल गाडीपेक्षा आमची गाडी अडीच लाखांनी महाग पडली. सरकारने सवलती बऱ्याच दिल्या आहेत. विजेच्या वाहनांवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल मोटारीला ११ टक्के रस्ता कर भरावा लागतो, तो विजेच्या मोटारीला राज्याच्या धोरणानुसार माफ आहे. सन २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू व समृद्धी महामार्ग यांवरील टोलही माफ केला. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, त्यामुळे पेट्रोलची गाडीही स्वस्त झाली. जुने कोष्टक हातात घेऊन कोणी आता हिशेब करू नये.

येथे एक सूचना बँकेतला माणूस म्हणून करतो. विजेच्या गाडीच्या कर्जावरील दीड लाखापर्यंतचे व्याज आयकरातून वजा मिळते, असे विक्रीच्या दुकानात अजूनही कोणी कोणी सांगतात. ८० ईईबी या कलमाखालील ही सवलत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. आम्हाला ती मिळाली. काकांचे कर्ज ऑक्टोबर २०२३ मधले, त्यांना मिळाली नाही. तेही आम्ही त्यांना सांगायला हवे होते.

देखभालीच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे नाही, आणि तेच या गाडीचे सुख आहे. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही. वेग कमी करताना मोटारच उलटी वीज निर्माण करून गाडीला रोखते, त्यामुळे ब्रेक फारसे झिजत नाहीत. टायर मात्र झिजतात, कारण बॅटरीमुळे गाडी जड असते. एक गंमत सांगतो. मोठी बॅटरी भरलेली असली तरी दिवे, कुलूप व गाडी चालू करण्याची यंत्रणा यांसाठी पेट्रोल गाडीसारखीच १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. एका रविवारी ती बसली आणि आमची भरलेली गाडी दगडासारखी मुकाट उभी राहिली. शेजारच्या पेट्रोल गाडीला तारा जोडून तिला जागे करावे लागले. शेजाऱ्यांनी त्यावर आठवडाभर विनोद केले.

मोठ्या बॅटरीची भीती सर्वांनाच वाटते. बहुतेक कंपन्या तिची आठ वर्षे अथवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर हमी देतात. मोबाईलच्या बॅटरीप्रमाणे हीही हळूहळू थकते. दोनशे किलोमीटरची मजल काही वर्षांनी पावणेदोनशेवर येईल, परंतु ती एका दिवसात मरत नाही. बंगळूरची रेवा ही छोटी मोटार २००१ मध्ये आली, तेव्हा तिच्यात शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या. हल्लीच्या लिथियम बॅटऱ्या त्यापेक्षा कितीतरी हलक्या व टिकाऊ आहेत. जुनी विजेची गाडी विकायला गेल्यास मात्र ग्राहक हमीची किती वर्षे उरली हे आधी विचारतो, आणि त्यावरच भाव पाडतो.

आता ज्या मुद्द्यावर आमचा सल्ला चुकला त्याकडे येतो. पेट्रोलची गाडी घेणाऱ्याला गाडी फक्त उभी करायला जागा लागते. विजेची गाडी घेणाऱ्याला उभी करायला जागा लागते, आणि त्या जागी स्वतःच्या मीटरवरचा १५ अँपिअरचा प्लग लागतो. अशा प्लगवर २४ युनिटांची बॅटरी रिकामीची पूर्ण भरायला आठ-नऊ तास लागतात. म्हणजे रात्री लावावी आणि सकाळी काढावी. हे जमले तर पेट्रोल पंपाची रांगच आयुष्यातून जाते.

आम्हाला हा प्लग मिळवायला चार महिने लागले. आमच्या इमारतीच्या समितीला आगीची भीती वाटली, एका सदस्याला वाटले की आम्ही जिन्याच्या दिव्याची सार्वजनिक वीज पळवू. घरी खासगी चार्जिंग करण्यास केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी परवानगी दिली आहे, हे कागद दाखवून सांगितले. शेवटी मंजूर भार वाढवून घेतला, परवानाधारक वायरमनकडून आमच्या मीटरपासून वेगळी जाड वायर, एमसीबी व चांगले अर्थिंग करून घेतले, आणि तो खर्च आम्हीच सोसला. अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नये. ते नीट नसेल तर पुष्कळ चार्जर चालूच होत नाहीत. ज्या इमारतीत चार-सहा गाड्या होतील, तेथे सोसायटीने चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेणे शहाणपणाचे, कारण त्या वर्गाचा दर घरगुती वरच्या टप्प्यापेक्षा कमी असतो.

लांबच्या प्रवासाचेही एक उदाहरण देतो. पुतणीच्या साखरपुड्याला नाशिकला जायचे होते, अंतर सुमारे १३० किलोमीटर. नेमकी रात्री वीज गेली आणि सकाळी बॅटरी ७० टक्केच भरलेली. सौ. म्हणाल्या, "एसटीने जाऊ." आम्ही ऐकले नाही. कसारा घाट चढताना टक्के डोळ्यांदेखत उतरू लागले, कारण चढावर वजन वर ओढायला वीज लागतेच. इगतपुरीजवळच्या पहिल्या केंद्रातील यंत्र बंद होते, दुसऱ्या ठिकाणी आमच्यापुढे एक गाडी होती. वेगवान यंत्रावर एका गाडीला जवळपास तास लागतो, म्हणजे दोन तास गेले. मेहुणे त्यांच्या पेट्रोलच्या गाडीतून हात हलवत पुढे निघून गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा ताटे उचलली जात होती. परतीला घाट उतरताना टक्का-दीड टक्का उलट वाढला, तेवढेच समाधान. तेव्हापासून आदल्या दिवशी दुपारीच गाडी भरून ठेवतो, आणि वाटेतली दोन केंद्रे फोन करून विचारून ठेवतो.

धुराबद्दलही एक वाक्य लिहिले पाहिजे. आमच्या गाडीतून धूर निघत नाही हे खरे, परंतु तिची वीज बऱ्याच अंशी कोळशाची असते. कल्याणच्या रस्त्यावरचा धूर काही प्रमाणात चंद्रपूर-कोराडीच्या चिमणीकडे सरकतो, आणि तेथेही माणसेच राहतात. एकूण हिशेबात विजेची गाडी सरस ठरते, असे आम्हीही मानतो, पण गाडीवर "प्रदूषणमुक्त" अशी पाटी लावून मिरवणे आम्हाला पटत नाही.

आता काका. ते जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. वाहनतळ नाही, गाडी रस्त्यावर. खिडकीतून वायर सोडण्याचा विचार त्यांनी केला होता, तो आम्ही हात जोडून थांबवला. पावसाळ्यात ते जिवावरचे काम. मग दर आठवड्याला सार्वजनिक केंद्र. तेथे युनिटला २० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेतेवीसच्या वर. काका बाकावर वर्तमानपत्र वाचत बसत. त्यांची गाडी महिन्याला तीनशे किलोमीटरच चालते: दवाखाना, मुलीचे घर, एखादे लग्न. विजेचा खर्च अकराशेच्या आसपास, पेट्रोलला दोन हजार ऐंशी लागले असते. वर्षाची बचत बारा हजार. जादा दिलेल्या अडीच लाखांवर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच साडेबावीस हजार होते. आम्ही कागदावर हे मांडले तेव्हा काका काही बोलले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी बेरीज पुन्हा तपासली. आम्ही म्हणालो, "काका, आमचे चुकले." ते म्हणाले, "तुमचे काय, मीही विचारले नाही."

गाडी विकली असती तर दोन लाखांवर पाणी सोडावे लागले असते. मार्ग काकूंनी काढला. जावई अंबरनाथला राहतात. तळमजल्यावर स्वतःची जागा, अंगणात मीटर, आणि कामाला रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. त्यांच्याकडे जुनी पेट्रोलची गाडी होती, ती काकांनी घेतली आणि विजेची जावयांकडे गेली. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा असल्याने नाव बदलता आले नाही, म्हणून विमा कंपनीला कळवून काकांच्या नावावरच गाडी ठेवली आहे. जावई हप्त्याची रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत काकांच्या खात्यात भरतात. अर्थिंगचे काम आमच्याच वायरमनने केले.