ब्लॅक सॅबथच्या घरातला जॅझ

३० जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून ऑझी ऑस्बर्नची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा तिच्यासोबत एक ब्रास बँड वाजत होता. हेवी मेटलच्या आद्य गायकाला त्याच्या गावानं निरोप दिला तो पितळी वाद्यांच्या सुरात. यात्रा ज्या पुलावर थांबली, त्याचं नावच आता ऑझीच्या बँडवरून 'ब्लॅक सॅबथ ब्रिज' आहे. त्या निमित्तानं एक जुनी गोष्ट पुन्हा सांगितली गेली. बर्मिंगहॅम म्हणजे लोखंडाचं गाव. रात्रंदिवस घण, प्रेस आणि भट्ट्या. त्या आवाजात चार गरीब पोरं वाढली आणि त्यांनी तोच आवाज गिटारवर काढला.

गोष्ट चांगली आहे. बँडमधल्यांनीही ती सांगितली आहे. पण ती पुरत नाही. त्याच गावात, त्याच भोंग्यांवर दिवस मोजत वाढलेल्या मूडी ब्लूजनी १९६७ मध्ये आख्ख्या वाद्यवृंदाला सोबत घेऊन तरल, स्वप्नाळू रेकॉर्ड काढली. हँड्सवर्थमधल्या स्टील पल्सनी १९७८ मध्ये रेगे वाजवला. स्टीव्ह विनवुड शाळकरी वयात ब्लूज गाऊ लागला तोही याच शहरात. कारखान्याचा आवाज सगळ्यांच्या कानांवर पडत होता. मग या चौघांच्या कानांत आणखी काय पडत होतं, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर शोधत मागं गेलं की वाट कारखान्यातून थोडी आणि जॅझमधून जास्त जाते.

बँडच्या गिटारवादकापासून, टोनी आयोमीपासून सुरुवात करावी लागते. जन्म १९ फेब्रुवारी १९४८. वडील आणि काका-मंडळी अ‍ॅकॉर्डियन वाजवणारी. टोनीला हवा होता ड्रम. घरच्यांनी हातात दिला अ‍ॅकॉर्डियन. पुढं शॅडोज या वाद्यसंगीत वाजवणाऱ्या बँडचं वेड लागलं, हँक मार्विनसारखं वाजवायचं ठरलं आणि गिटार आली. पोरगा डावखुरा. म्हणजे तारा छेडायचा तो डाव्या हातानं आणि दाबायचा उजव्या हाताच्या बोटांनी. पुढच्या प्रसंगासाठी एवढं लक्षात ठेवायला हवं.

१९६५. टोनी सतरा वर्षांचा. पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करायचा. एका बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, म्हणून नोकरी सोडलेली आणि तो शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला तेव्हा परत जायची त्याची इच्छा नव्हती. आईनं बजावलं, काम पुरं करून ये. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून टोनीला त्या मशीनवर उभं केलं. प्रेस खाली आला. उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका या दोन बोटांची टोकं गेली. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर.

यानंतर जे घडलं ते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान आहे, आणि त्यातला मुख्य माणूस संगीताच्या धंद्यातला नाही. तो त्या कारखान्याचा मॅनेजर. तो घरी भेटायला आला तो एक छोटी रेकॉर्ड घेऊन. टोनी संगीत ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. मॅनेजरनं हट्टानं ती लावायला लावली. गिटार ऐकून टोनीनं मान्य केलं की वाजवणारा उत्तम आहे. मग मॅनेजरनं सांगितलं, हा माणूस दोनच बोटांनी वाजवतो.

तो होता जँगो राइनहार्ट. बेल्जियममध्ये जन्मलेला, जिप्सी तांड्यात वाढलेला. नोव्हेंबर १९२८ मध्ये पॅरिसजवळ त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं एकल वादनाची नवी पद्धत बसवली. १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्राप्पेलीबरोबर त्यानं जो पंचक-वाद्यमेळ उभा केला, तो युरोपीय जॅझचा पाया मानला जातो. हेवी मेटलच्या पहिल्या गिटारवादकाला परत उभं केलं ते या जॅझवाल्यानं. कारखान्याचं देणं मोजायचंच असेल, तर घणाच्या आवाजाआधी ही रेकॉर्ड मोजायला हवी.

टोनीनं मग स्वतःची बोटं स्वतः बनवली. फेअरी लिक्विड या भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोप्या कोरल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि तारेवर पकड यावी म्हणून वरून जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. पण टोपीतून तार जाणवत नाही. किती दाबली ते बोटाला कळत नाही, कानानं ओळखावं लागतं. जाड तारा ओढवेनात, म्हणून त्यानं बँजोच्या पातळ तारा गिटारवर चढवल्या. तशा तारा तेव्हा दुकानात मिळतच नव्हत्या. भरगच्च कॉर्ड धरणं अवघड, म्हणून दोन-तीन सुरांचे सुटसुटीत कॉर्ड. पुढं १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये त्यानं गिटार दीड स्वर खाली उतरवली, तारा आणखी सैल झाल्या आणि आवाज खर्जात गेला. आज जगभरचे मेटल बँड गिटार उतरवून वाजवतात, त्या सवयीच्या मुळाशी दोन तुटलेली बोटं आहेत.

बाकीच्या तिघांची हकिकत अनेकांना ठाऊक आहे. ऑझी ॲस्टनमधल्या लॉज रोडवरचा, सहा भावंडांतला. कत्तलखान्यात काम केलेला, घरफोडीत सापडल्यावर वडिलांनी दंड भरायला नकार दिला म्हणून विन्सन ग्रीनच्या तुरुंगात काही आठवडे काढलेला. त्याच्या मनात बसलेलं संगीत बीटल्सचं. गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरातला, हिशेबनिसाचं शिक्षण घेणारा, पुस्तकं वाचणारा. बँडची बहुतेक गीतं पुढं त्यानंच लिहिली. तो मूळचा गिटारवाला. क्रीम या बँडमधल्या जॅक ब्रूसला ऐकून बेसकडे वळला. ऑझीनं वाद्यांच्या दुकानात 'ऑझी झिग' या नावानं गायकाला काम हवंय अशी चिठ्ठी लावली होती. टोनी आणि ड्रमवाला बिल वॉर्ड तो पत्ता शोधत गेले, आणि दारात उभा होता टोनीच्याच शाळेतला, एक वर्ष मागचा मुलगा. टोनीचा पहिला विचार होता, याला गाता येत नाही. पण ऑझीकडे स्वतःची ध्वनियंत्रणा होती. १९६८ च्या बर्मिंगहॅममध्ये ही मोठीच पात्रता होती.

बिल वॉर्डपाशी मात्र थांबायलाच हवं. रॉकवर लिहिणारे त्याच्यावर अन्याय करतात. ड्रमवाला म्हणून त्याचे गुरुस्थानी होते जीन क्रूपा, बडी रिच, जो मोरेलो. म्हणजे एकजात बिग बँड आणि जॅझचे वादक. जॅझमधला ड्रमवाला फक्त ठेका धरत नाही. तो मुख्य वादकाशी बोलतो, त्याच्या तुकड्यांच्या मधल्या जागा भरतो, लय किंचित झोलवतो. वॉर्डनं टोनीच्या जड रिफखाली, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याखाली, हेच केलं. 'विकेड वर्ल्ड' या सुरुवातीच्या गाण्यात झांजेवर पहिला जो ठेका पडतो, तो सरळ जॅझचा आहे. पुढं काय येणार याचा अंदाजही येत नाही. नंतरच्या पिढ्यांनी सॅबथचे रिफ उचलले आणि हा झोल टाकून दिला. म्हणून अनुकरण करणारे कितीही मोठ्यानं वाजवोत, सॅबथसारखे वाजत नाहीत.

टोनी आणि बिल आधी कार्लाइल या उत्तरेकडच्या गावात 'मिथॉलॉजी' नावाच्या ब्लूज बँडमध्ये होते. १९६८ मध्ये गांजा सापडल्यावर तो बँड मोडला आणि दोघं घरी परतले. मग चौघं जमले, शिवाय एक स्लाइड गिटारवाला आणि एक सॅक्सोफोनवाला. होय, हेवी मेटलच्या पहिल्या बँडमध्ये सुरुवातीला सॅक्सोफोन होता. नाव ठेवलं 'पोल्का टल्क ब्लूज बँड'. हे नाव टाल्कम पावडरीच्या डब्यावरून घेतलं असं एक कथन आहे. भारतीय उपखंडातल्या लोकांच्या कपड्यांच्या दुकानावरून घेतलं असं दुसरं. दुसरं खरं असणं अशक्य नाही. आपल्याकडची माणसं तेव्हा ओतशाळांत आणि कारखान्यांत कामाला येऊन या भागात वस्ती करत होती. काही आठवड्यांत सॅक्सोफोन आणि स्लाइड गिटार गेले, चौघं उरले, नाव झालं 'अर्थ'.

आता या कहाणीतला तो माणूस येतो, ज्याची इतिहासकारांनी चार-दोन ओळींत बोळवण केली आहे. जिम सिम्पसन. हा जॅझचा ट्रम्पेटवादक. 'लोकोमोटिव्ह' या बर्मिंगहॅमच्या बँडमध्ये वाजवायचा. १९६८ मध्ये त्यानं स्टेशनजवळच्या 'द क्राउन' या पबच्या वरच्या मजल्यावर ब्लूजचा क्लब सुरू केला, नाव 'हेन्रीज ब्लूजहाउस'. ऑझी आणि टोनी तिथं येऊन ऐकत बसायचे. एकदा त्यांनी वाजवायची संधी मागितली. सिम्पसन सांगतात की पहिल्या वादनाची बिदागी म्हणून त्यांनी क्लबचे टी-शर्ट मागून घेतले. लवकरच सिम्पसन त्यांचे मॅनेजर झाले, आणि या पोरांना काउंट बेसीच्या वाद्यवृंदाच्या, जिमी रशिंगच्या गायकीच्या वळणाला लावू लागले.

१९६९ मध्ये सिम्पसननं 'अर्थ'चं ध्वनिमुद्रण करून ठेवलं. त्या फिती अर्धशतकाहून अधिक काळ त्यांच्याकडे पडून होत्या. त्या प्रकाशित करण्याची घोषणा त्यांच्या बिग बेअर रेकॉर्ड्सनं २०२५ मध्ये केली. त्या काळच्या मुद्रणांत 'साँग फॉर जिम' नावाचा एक तुकडा आहे, मॅनेजरच्याच नावे केलेला. त्यात टोनी आयोमी जॅझ वाजवतो. गिटारवर, आणि बासरीवरही. 'आयर्न मॅन'चा रिफ ज्यानं दिला, त्याच हाताचं हे काम. पुढं १९७० च्या 'प्लॅनेट कॅरव्हान'मध्ये शेवटी जी मऊ, फिरती गिटार येते, ती अपवाद म्हणून ऐकायची सवय लोकांना लागली आहे. सिम्पसनच्या काळातल्या वादनाशेजारी ठेवली की तीच टोनीची जुनी बोली आहे हे स्पष्ट दिसतं.

मधे एक वळण आलं. डिसेंबर १९६८ मध्ये टोनी काही दिवस 'जेथ्रो टल'मध्ये गेला. रोलिंग स्टोन्सच्या 'रॉक अँड रोल सर्कस'च्या चित्रीकरणात तो दिसतो. तिथं त्यानं पाहिलं की मोठा बँड सकाळी वेळेवर येऊन तालीम करतो. परत आल्यावर त्यानं तीच शिस्त आपल्या तिघांना लावली. त्यानंतर हॅम्बुर्गचा स्टार क्लब: दिवसाला अनेक फेऱ्या, तीच गाणी पुन्हा पुन्हा, वेळ भरायला लांबवलेली. उत्स्फूर्तपणे विस्तार करण्याची जॅझची रीत इथं कामाला आली.

'ब्लॅक सॅबथ' हे गाणं १९६९ मधलं. गीझरला गुस्टाव होल्स्टचे 'द प्लॅनेट्स' आवडायचे आणि त्यातल्या 'मंगळ'चा तुकडा तो बेसवर वाजवत असे. होल्स्ट म्हणजे संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावणारा, सावित्रीच्या आख्यानावर ऑपेरा लिहिणारा इंग्रज संगीतकार. त्या तुकड्यानंतर टोनीला जो रिफ सुचला, तो तीनच स्वरांचा: षड्ज, वरचा षड्ज, आणि मग उतरून तीव्र मध्यम. युरोपात या अंतराला सैतानाशी जोडलं गेलं होतं, त्यामुळे त्या रिफबद्दल भरपूर भीतिदायक मजकूर लिहिला गेला. मराठी कानाला तीव्र मध्यम परका नाही. यमन तर घरोघरी शिकवला जातो. पण पंचमाचा आधार काढून घेतला की काय होतं, हेही मारवा ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. सॅबथचा रिफ पंचमावर स्थिरावत नाही. तो तीव्र मध्यमावर येऊन थरथरत थांबतो, आणि वॉर्ड त्या थांबण्यात ड्रमचे तुकडे टाकतो. मध्येच सगळं थांबून पुन्हा सुरू होतं. घणाचा ठोका नियमित असतो. इथं काहीच नियमित नाही.

'अर्थ' नावाचा दुसरा बँड निघाल्यानं ऑगस्ट १९६९ मध्ये याच गाण्याचं नाव बँडनं घेतलं. गाण्याचं नाव मारिओ बावाच्या, बोरिस कार्लोफ असलेल्या चित्रपटावरून आलं होतं. दरम्यान सिम्पसननं नॉर्मन हेन्सचं 'द रिबेल' हे गाणं त्यांच्याकडून मुद्रित करून घेतलं. नॉर्मन हेन्स लोकोमोटिव्हमधलाच. गाणं लोकप्रिय धाटणीचं. बँडला आपलं वाटलं नाही, ते बाजारात आलं नाही. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनमध्ये रॉजर बेनच्या देखरेखीखाली एका दिवसात पहिला अल्बम मुद्रित झाला. मैफलीत वाजवायचे तसंच वाजवलं. त्यात एन्सली डनबर रिटॅलिएशनचं 'वॉर्निंग' हे ब्लूज त्यांनी दहा मिनिटं ताणलं आहे. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी तो अल्बम आला आणि ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेला. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्जनं त्याला झोडपलं.

त्याच वर्षी 'पॅरानॉइड' हा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला, आणि त्याच सुमारास बँडनं सिम्पसनना काढलं. लंडनचा पॅट्रिक मीहन नवा मॅनेजर झाला. या निर्णयाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं की एवढा मोठा बँड सांभाळणं बर्मिंगहॅमच्या क्लबवाल्याच्या आवाक्यातलं नव्हतं. असेलही. पण ज्यानं चौघांना रंगमंच दिला, टोनीच्या जॅझला जागा दिली आणि रेकॉर्ड कंपन्यांचे नकार पचवत करार मिळवला, त्याला असं दूर करणं अन्यायच होता. सिम्पसन कोर्टात गेले. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. पुढं मीहनशीही बँडचं फाटलं, वकिलांच्या चकरा सुरू झाल्या, आणि १९७५ च्या 'सॅबोटाज'मधलं 'द रिट' हे गाणं त्याच संतापातून आलं.

सिम्पसन आपल्या कामाकडे परतले. सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या वृद्ध कृष्णवर्णीय ब्लूज गायक-वादकांना आणून 'अमेरिकन ब्लूज लेजेंड्स' या नावानं युरोपभर फिरवलं आणि त्यांच्या रेकॉर्ड काढल्या. १९८५ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅममध्ये आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सव सुरू केला. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधल्या व्हिला पार्कवर चौघं मूळ सॅबथवाले शेवटचे एकत्र वाजवायला उभे राहिले, ते ऑझीच्या घराच्या हाकेच्या अंतरावर. बिल वॉर्ड वीस वर्षांनंतर या तिघांबरोबर ड्रमवर बसला होता. चारच गाणी झाली: 'वॉर पिग्ज', 'एन.आय.बी.', 'आयर्न मॅन' आणि 'पॅरानॉइड'. चारही १९७० मधली, म्हणजे सिम्पसनच्या वर्षातली.